गहू पुढं न्या!

लग्नाच्या पंगतीत तुमच्या शेजारच्या माणसाने पुऱ्यांची टोपली येताना पाहिली, दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरले, एस.टी.च्या कंडक्टरसारखा "गहू पुढं न्या!" असा आवाज दिला आणि मग मांडीवरचा स्टीलचा डबा उघडून त्यातून चक्क पिझ्झा काढला, तर घाबरू नका. तुम्ही पवनीत आहात आणि तुमच्या शेजारी मुरलीधर हटवार जेवायला बसले आहेत.

जरा वाकून पलीकडेही बघा. तिथे त्यांच्या सौभाग्यवती निर्मलाकाकू असतील आणि त्यांच्या पलीकडे मुलगी प्रणाली. तिघांच्याही पत्रावळीवर पिझ्झा. त्याला लागून मांडवातला भात, वरण आणि वांग्याची भाजी. भाजीसुद्धा अशी तशी नाही. पंगत बसण्याआधी मुरलीधर काकाजी आचाऱ्याच्या चुलीपाशी जाऊन त्याची पूर्ण उलटतपासणी करून आलेले असतात.

माझा पवनीत फोटो स्टुडिओ आहे, त्यामुळे लग्न कुणाचंही असो, मी असतोच. तालुक्यातल्या कितीतरी अल्बमांत पंगतीच्या पानावर हा पिझ्झा उमटलेला आहे. एका नवरदेवाने तर मला फोन करून विचारलं होतं, "भाऊ, आमच्या जेवणात पिझ्झा होता? मले काहून नाही भेटला?"

काकाजी माझे शेजारी. त्यांचं धान खरेदीचं दुकान आणि माझा स्टुडिओ यांच्यात एक भिंत, आणि तीही नावालाच, कारण काकाजींच्या आवाजापुढे भिंतीचं काही चालत नाही. या माणसाला साधं बोलताच येत नाही. ते बातमी देतात. एकदा भल्या पहाटे माझं शटर बडवून त्यांनी मला उठवलं. मला वाटलं, कुणी गेलं. दार उघडतो तर काकाजी डोळे विस्फारून उभे, "सुधाकर, बम गोठ झाली बे! काकडीच्या वेलाले फळ धरलं!" बम म्हणजे जबरदस्त, गोठ म्हणजे गोष्ट, आणि काकाजींच्या आयुष्यात रोज एक तरी बम गोठ होते.

असा माणूस गव्हाच्या वाटेला कसा गेला, ते सांगतो.

प्रणाली आठवीत असताना वाळत चालली होती. जेवली की पोट धरून बसायची. जंताचं औषध झालं, टॉनिक झालं, दृष्ट काढून झाली. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, हिला गहू चालत नाही. गव्हातलं ग्लुटेन हिच्या आतड्यांना सोसत नाही. पोळी, रवा, मैदा, बिस्किट, सगळं बंद, आणि तेही जन्मभर.

लोक म्हणाले, आपला मुलूख धानाचा, पोरीने भात खावा, त्यात काय मोठं? पण हटवारांचं घर त्याला अपवाद होतं. काकाजी स्वतः धानाचे व्यापारी असून पोळीवर जीव असलेले. निर्मलाकाकूंच्या हातची तूप लावलेली पोळी ते ज्या तब्येतीने खायचे, ते पाहून आपण जेवून आलोय याचा पाहुण्यांना विसर पडायचा.

नागपूरहून परतल्यावर पहिल्या जेवणाला काकूंनी काकाजींना आणि स्वतःला पोळ्या वाढल्या आणि प्रणालीला भात. त्या पोरीने आपलं ताट उचललं आणि मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून जेवायला बसली. काकूंनी हाक मारली तर म्हणाली, "मी इथीच जेवते, हवा हाये."

थोड्याच वेळात काकाजी आमच्या दारात. हातात पोळ्यांची गरम टोपली. "ठेवून घे," म्हणाले आणि गेले. आम्हाला वाटलं, काही सणवार असेल. दुसऱ्या दिवशी कणकेचा डबा आला. तिसऱ्या दिवशी गव्हाचं पोतं आलं, मग पोळपाट, लाटणं, तवा, चाळणी. माझी बायको म्हणाली, "आता काकू तेवढ्या यायच्या राहिल्या." पुढचे कित्येक दिवस आम्ही हटवारांचे गहू खात होतो, आणि हटवारांच्या घरी गहू बंद झाला तो तिघांसाठीही.

तेव्हापासून त्यांचा उंबरठा म्हणजे नाका. पाहुण्याच्या पिशवीत बिस्किटचा पुडा दिसला की पुडा ओट्यावर आणि पाहुणा आत. जाताना पुडा परत मिळायचा. चहासोबत मुरमुऱ्याचा चिवडा. देवापुढचे कणकेचे दिवेसुद्धा तांदळाच्या पिठाचे झाले. काकू म्हणाल्या, "देवाले कायचा ग्लुटेन?" काकाजी म्हणाले, "देवाले नाही, पण दिवा लावणारे हात पोरीच्या ताटाले लागते ना!"

एवढं करूनही प्रणालीचं पोट अधूनमधून दुखायचंच. काकाजी चवताळले. त्यांनी मिठावर संशय घेतला, हळदीवर घेतला, एक दिवस तर माझ्यावर घेतला, कारण मी नाश्त्याला पोळी खाऊन त्यांच्याकडे गेलो होतो. शेवटी घरातला एकेक डबा घेऊन ते स्टुडिओत यायला लागले. माझ्याकडे बारीक बघायचं भिंग आहे. त्याखाली हिंगाची डबी धरली आणि काकाजी ताडकन उठले. डबीवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, यात गव्हाचं पीठ मिसळलेलं आहे.

"सापडला! चोर घरातच होता! फोडणीत बसून होता!" भरबाजारात हे ओरडत काकाजी घरी गेले, चिमट्याने ती डबी उचलली आणि हात लांब धरून थेट उकिरड्यापर्यंत नेऊन टाकली. लोकांना वाटलं विंचू आहे. त्या दिवसापासून लग्नाच्या आचाऱ्याला त्यांचा पहिला प्रश्न हिंगाचा असतो, आणि आचारी त्यांना दुरून पाहूनच हिंगाची डबी पंच्याखाली सारतात.

प्रणालीच्या गालावर मांस चढलं. ती बारावी झाली, भंडाऱ्याला कॉलेजात जाऊ लागली. तिथे एका मैत्रिणीचा वाढदिवस पिझ्झ्याच्या दुकानात झाला. घरी येऊन तिने सगळी गंमत हसत हसत सांगितली. कोणी काय खाल्लं, कोणाच्या नाकाला सॉस लागला. "आणि तू काय केलं?" काकूंनी विचारलं. "मी सगळ्यांचे फोटो काढले. बम छान आले," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी काकाजी माझ्या काउंटरपाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या तोंडून बराच वेळ शब्द निघाला नाही, म्हणून मी ताप आहे का पाहायला हात पुढे केला.

"सुधाकर," ते म्हणाले, "फोटो काढणारा कधी फोटोत येते का बे?"

"नाही येत, काकाजी."

"हं. पिझ्झा कसा करते?"

"तुम्ही खाल्लाय कधी?"

"नाही. गोल असते एवढं माहीत हाये."

एवढ्या भांडवलावर कामाला सुरुवात झाली. पहिला पिझ्झा म्हणजे तांदळाची भाकर आणि वर टोमॅटोची चटणी. उचलला तर हातात चटणी आली आणि भाकर ताटातच राहिली. दुसऱ्या वेळी पिठाची उकड काढली, तर तो घराच्या कौलासारखा कडक झाला. गल्लीतल्या कुत्र्याने हुंगला आणि तो सभ्यपणे निघून गेला. गव्हात जो चिकटपणा असतो तोच नेमका ग्लुटेन, आणि तो नसला की पीठ एकमेकांना धरतच नाही, हे काकाजींना आता कळलं. "दुश्मन होता, पण कामाचा होता," असं त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं.

आणि मग एक दिवस काकाजी हातात पाण्याचा ग्लास घेऊन धावत स्टुडिओत शिरले. मी एका बाळाचा पहिला फोटो काढत होतो. बाळ किंचाळलं.

"सुधाकर, पाय! पाय कसं चिकटून राहिलं!" पाय म्हणजे पाहा.

ग्लासात इसबगोल होतं. काकाजी पोट साफ व्हायला ते रोज घेतात. त्या दिवशी भिजवून विसरले आणि त्याची घट्ट लापशी झाली. ती त्यांनी बोटावर घेऊन मला ताणून दाखवली. बाळाच्या आईने तोंड फिरवलं. पण काकाजींचा चेहरा असा उजळला होता की मी बाळाचा नाद सोडून त्यांचाच फोटो काढला.

इसबगोल जमलं. तांदळाचं पीठ गोळा झालं, लाटलं गेलं, फुगलंसुद्धा. मात्र पहिल्या खेपेला काकाजींनी उत्साहाच्या भरात ते वाजवीपेक्षा बरंच जास्त घातलं आणि पिझ्झा साऱ्या गल्लीला वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत कोणी कोणाशी बोलायला थांबत नव्हतं.

पुढे प्रमाण बसलं. पत्र्याचा ड्रम कापून, खाली-वर कोळसे ठेवून भट्टी झाली. वर भिवापुरी मिरचीचा ठेचा, वांग्याचे काप, कांदा आणि भरपूर चीज. दर रविवारी दुपारी हटवारांच्या अंगणात पिझ्झा. पहिला तुकडा काकाजी उभ्यानेच खायचे. डोळे मिटायचे, मान डोलवायचे आणि "बम!" म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायचे. "पाय रे पाय, चीज कसं तार धरून राहिलं! ह्यापुढे पोळी काय हाये! चामडं हाये चामडं!" प्रणाली हसून हसून ठसकायची. त्यांचं खाणं पाहून मलाही पिझ्झ्याचं वेड लागलं. रविवार उजाडला की माझं नाक त्यांच्या अंगणाकडे वळायचं. आणि पिझ्झा गार झाला तरी मोडत नाही हे कळल्यावर तो डब्यात बसून पंगतीलाही जाऊ लागला. बाप-लेक-माय तिघे तोच खाणार. पोरीच्या पानावर वेगळं आणि बाकीच्यांच्या पानावर वेगळं, हे त्या घराला चालणार नव्हतं.

प्रणालीचं लग्नाचं वय झालं, तेव्हा खरी कसोटी आली. पहिल्या स्थळाने गव्हाचं ऐकताच "पोरगी आजारी हाये" म्हणून चहाही अर्धा ठेवला. दुसरं स्थळ समजूतदार होतं. ते म्हणाले, "आमची काही हरकत नाही. तिचं ते वेगळं करून घेईल आणि वेगळं खाईल."

"वेगळं म्हणजे कुठी?" काकाजी उभे राहिले. "कोणत्या कोपऱ्यात? भिंतीकडे तोंड करून का?"

तेही मोडलं. लोक काकाजींना हसायला लागले. पिझ्झ्यापायी पोरगी घरी बसवेल म्हणाले. काकूंच्या डोळ्याला पाणी यायचं. पण काकाजींना हुंडा, मानपान, नोकरी कशाचंच काही नव्हतं. पोरीने सासरी एकटीने जेवायला बसू नये, एवढीच त्यांची अट होती, आणि नेमकी तीच कोणाला समजत नव्हती.

तिसरं स्थळ जवाहरनगरचं. निखिल नावाचा मुलगा, फॅक्टरीत नोकरीला, क्वार्टरमध्ये आईसोबत राहणारा. आई पुष्पाबाई, रुंद चेहऱ्याची, कमी बोलणारी बाई. सोबत मुलाचे मामा. फोटो काढायच्या निमित्ताने मीही होतो. पाहायच्या कार्यक्रमाला पोहे असतात. इथे प्रत्येकापुढे पिझ्झा आला. मामांनी तुकडा उचलून खालून पाहिला, जसं काही तिथे खुलासा लिहिलेला असेल. पुष्पाबाईंनी मात्र न बोलता अख्खा संपवला. काकाजी त्यांच्या डोक्यावर उभे राहून प्रत्येक घास मोजत होते.

"भाऊ," पुष्पाबाई हात पुसत म्हणाल्या, "पीठ कशानं धरलं?"

"इसबगोल!" काकाजी ओरडले. मामांनी हातातला तुकडा हळूच खाली ठेवला.

"किती टाकता?"

कोणत्याही पाहुण्याने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. काकाजी हरखले. प्रमाण सांगितलं, भट्टी दाखवली आणि मग खाली बसून आपली अट सांगितली. "तुमच्या घरी गहू नाही पायजे, बाई. जसा आमच्या घरी नाही."

पुष्पाबाईंनी ताटली बाजूला ठेवली. "नाही जमणार, भाऊ," त्या म्हणाल्या. "खोटं बोलून पोरगी कायले नेऊ? तवा वेगळा करीन, डबे वेगळे करीन, हिंग फेकून देईन. जेवाले सारे सोबतच बसू. पण माह्यी पोळी नाही सुटत."

काकाजींचा चेहरा लाल झाला. मी कॅमेरा खाली घेतला. हेही गेलं, असं मनात म्हणतो तोच दारातून प्रणाली बोलली. तिच्या हातात पाण्याचा ट्रे तसाच होता.

"बाबा, मले हे घर पसंत हाये."

"अवो, पण पोळी खाईन म्हणून राहिल्या त्या! तुह्यासमोर!"

"म्हणूनच पसंत हाये. आपल्या घरी मी घास उचलते ना, तं मले वाटते का तुमच्या तोंडातून काढून घेतला. तुमाले पोळी किती आवडे, मी पाहिलं हाये, बाबा. तिथी माह्यापायी कोणाचं काही सुटणार नाही. मी पोटभर जेवीन."

काकाजींनी तोंड उघडलं, पण बातमी काही निघाली नाही. ते उठले, भट्टीपाशी गेले, परत आले आणि पुष्पाबाईंच्या ताटलीत आणखी एक तुकडा ठेवत म्हणाले, "घ्या विहीणबाई, तुमी काही जेवल्याच नाही." विहीणबाई म्हणाले म्हणजे लग्न ठरलं, हे मामांना माझ्यानंतर कळलं.

लग्न धुमधडाक्यात झालं. अख्ख्या पंगतीत गव्हाचा कण नव्हता आणि माझ्यासकट कोणाला त्याची आठवणही झाली नाही. आमच्याकडे मुलीसोबत सासरी शिदोरी जाते. करंज्या, लाडू, पुऱ्यांची टोपली सासरच्या गल्लीत घरोघर वाटतात. काकाजींनी टोपली भरून पिझ्झा पाठवला, वर लाल कापड बांधून. जवाहरनगरच्या क्वार्टरांतून कित्येक दिवस रेसिपी विचारणारे फोन येत होते आणि काकाजी प्रत्येकीला शेवटी बजावत होते, "इसबगोल जपून हो, बाई!"

मग प्रणालीचा फोनवर हुकूम आला, बाबांनी आता पोळी खायची. पण ती माहेरी येणार तर घरात गहू नको, हा काकाजींचा हट्ट. त्यातून असं ठरलं की ते आमच्याकडे जेवायला येतील. आले. माझ्या बायकोच्या तव्यावरून पोळ्या थेट त्यांच्या ताटात उतरत होत्या. या तोंडाने पोळीला चामडं म्हटलं होतं यावर कोणाचा विश्वास बसला नसता. जाताना कोपरापर्यंत साबणाने हात धुतले आणि सदरा झटकला.

पण रविवारची भट्टी काही पेटेना. एक रविवार गेला, दुसरा गेला. मी विचारलं तर म्हणाले, कोळसा ओला आहे. पुढच्या रविवारी म्हणाले, चीज चांगलं भेटलं नाही. माझी जीभ आता ऐकत नव्हती. सरळ काकूंकडे गेलो आणि म्हणालो, "काकू, काकाजी हल्ली पिझ्झा का करत नाहीत?"

काकू तांदूळ निवडत होत्या. "कोणासाठी करतील?" म्हणाल्या. "त्यांले कुठी आवडते?"

"काय आवडत नाही? पिझ्झा?"

"चीज. वासानंच मळमळते त्यांले. पहिल्या दिवसापासून. रविवारी सारे गेले का मांगच्या दारी जाऊन सुपारी चावत बसत घंटाभर. मी म्हटलं, तुमच्या तुकड्यावर नका टाकू. तं म्हणत, पोरीच्या तुकड्यावर हाये आणि माह्या नाही, असं कसं चालल?"

मी पायरीवर बसलो. ते मिटलेले डोळे, डोलणारी मान, गल्लीभर जाणारा तो "बम!" आठवला. इतकी वर्षं मी कॅमेऱ्यातून माणसांचे चेहरे पाहून पोट भरतो, आणि भिंतीपलीकडचा हा चेहरा मला वाचता आला नव्हता.

दिवाळीनंतर प्रणाली माहेरी आली, नवरा आणि सासूबाईंना घेऊन. कोळसा एका दिवसात वाळला. भट्टी पेटली, गल्ली जमली. काकाजी सगळ्यांना ढकलत, वाढत, ओरडत फिरत होते. मग स्वतःचा तुकडा घेऊन लेकीशेजारी टेकले आणि जावयाला चीजचं महत्त्व समजावून सांगू लागले.

प्रणाली सासूबाईंशी काहीतरी बोलत होती. बोलता बोलता तिने हात लांब केला, बापाच्या तुकड्यावरचं चीज दोन बोटांनी सगळं काढून आपल्या तुकड्यावर घेतलं, आपल्यावरचे वांग्याचे काप त्यांच्या तुकड्यावर मांडले आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

काकाजी हातातल्या तुकड्याकडे बघत राहिले.

"तुले कधीपासून माहीत हाये?" त्यांनी अगदी हळू विचारलं. त्यांचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"पहिल्या रविवारपासून."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी इतक्या खुशीनं खाऊन राहिले होते, बाबा," ती म्हणाली. "कशी बोलू?"

काकाजींनी तो तुकडा तोंडात घातला आणि खूप वेळ चावत राहिले.